मोटारीची कंबर

दांडिया बाजारात आमच्या फ्रेमांच्या दुकानामागे
एक टेबल आहे.
वर गुळगुळीत, खाली अंधार,
आणि त्या अंधारात राउटर उलटा लटकलेला
वटवाघळासारखा,
सात वर्षं आपलाच भुसा गिळत.

बिट बदलायचं म्हणजे जशुभाई गुडघ्यावर.
अर्धा मिलिमीटर उंची वाढवायची म्हणजे
पुन्हा जशुभाई गुडघ्यावर.
डोकं टेबलाखाली, पाय बाहेर,
आणि आतून आवाज, "बेन, हवे जुओ."
मी वरून पट्टी लावायची.
जरा खाली. नाही, आता जास्त झालं.
एका खाचेसाठी सात-आठ वेळा.
"एवढा देवापुढे वाकलो असतो
तर एखादा तरी पावला असता."

दिवाळीनंतर उजवा गुडघा त्यांच्याशी भांडून बसला.
मी हिशेबाच्या वहीचं शेवटचं पान उघडलं.

एक राउटर सव्वातीन हॉर्सपॉवरचा. दारं-खिडक्या करणाऱ्यांचा.
आम्ही तर गुरूंचे फोटो, डिग्र्या, साखरपुडे
आणि गेलेली माणसं चौकटीत बसवणारे.
दुसरा सव्वाचा. हलका, खिशाला बरा,
पण अर्ध्या इंचाची दांडी त्याच्या तोंडात मावत नाही,
आणि जाड गलता काढायला घेतला की किंचाळतो,
सागावर करपल्याचा डाग ठेवून जातो.
मोठा तसा शांत. सुरू होताना झटका देत नाही,
रुंद बिट लावलं तर वेग उतरवता येतो.
मोठ्यापुढे मी बरोबरची खूण केली,
मग किंमत वाचली, मग खूण खोडली.

आणि लिफ्ट.
एक पाटी, दोन खांब, मधे आट्यांची सळई.
वरून चावी घालायची, फिरवायची,
खाली मोटार चढते. एवढंच.
किंमत मोटारीहून जास्त.
"नवरदेवापेक्षा घोडा महाग,"
समोरचे घड्याळवाले तांबवेकर म्हणाले.

जशुभाईंनी शुक्रवारीतून गाडीचा जॅक आणला,
एकशे चाळीस रुपयांत.
चढली मोटार! आम्ही दोघांनी पेढे खाल्ले.
पण ती थरथरते ना. जॅक कुणाच्या नकळत बसत गेला.
सकाळची उंची दुपारी तीन कागद खाली,
चौकटीचे चार कोपरे चार घरचे.
ती चौकट मी घरी नेली.
तिच्यात आता गॅसवाल्याचं कॅलेंडर आहे.

शेवटी खोडलेली खूण पुन्हा केली.
मोठा राउटर घेतला, मुठी नसलेला,
कारण टेबलाखाली मुठी धरणार कोण.
लिफ्ट घेतली, भिशीचा नंबर लागला तेव्हा.
खोकी उघडली आणि कळलं,
कड्याचा घेर एकशे सहा, मोटारीची कंबर एकोणनव्वद.
हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.
वहीत सगळं होतं, कंबर नव्हती.

मकरपुऱ्यात इरफान लेथवाला
मोटार हातात फिरवून हसला.
दोन अर्धी कडी कातून दिली, तीनशे रुपये, चहा त्याचाच.
निघताना म्हणाला, उंची कधी वरून खाली उतरून धरू नका,
आटे ढिले राहतात.
आधी खाली जा, मग चढत या.

काल पहिली पट्टी घेतली. सागाची, दोन इंची.
चावी घातली. एक फेरा, दीड मिलिमीटर.
अर्धा फेरा.
टेबलाच्या भोकातून बिटचं टोक वर आलं,
आतलं दुखणं सांगायला आल्यासारखं, बिचकत.
जशुभाई स्टुलावर, हात मांडीवर,
काय करायचं त्यांना कळेना.
मग उठले, भिंत धरून हळूहळू वाकले,
टेबलाखाली डोकं घातलं
आणि आतून म्हणाले,
"बराबर छे, बेन."

मी पट्टी लावून बघितली.
होतं.