मन्मथ येळवशीला आला

दोन बॅगा. त्यातली एक आमच्यासाठी.
उघडली तर वर बॅटरी, सेलांसकट,
खाली पाणी शुद्ध करायच्या गोळ्या
आणि बारा डझन पेन्सिली,
पिवळ्या, मागं गुलाबी रबर.
"शाळेतल्या पोरांना वाटू, महानंदा,"
म्हणाला, आणि उंबऱ्याशी बूट काढून
अनवाणी उभा राहिला
देवळात आल्यासारखा.

माझं हॉस्टेल तीन मजली. एकसष्ट मुली.
रात्री दोनला जिन्यात बसून
कुणी बेडकाचं हृदय पाठ करतं,
कुणी बापाला फोनवर सांगतं,
सहाशे बारा आले, कमीच आहेत.
मन्मथ त्यांना ओलांडत वर झोपायला गेला
आणि सकाळी मला हळूच विचारलं,
"मुलींना शिकू देतात आता?"

मी पोहे परतत होते. परतत राहिले.

(त्याच्यासाठी मीही कॉर्नफ्लेक्स आणून ठेवले होते.
त्यानं डबा पाहिला, काही बोलला नाही,
पोहे दोनदा घेतले.)

पेन्सिली त्यानं स्वतःच वाटल्या.
"काय वाचूलालाव पोरीहो?"
पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या,
असं आता लातुरातही फार कुणी बोलत नाही,
आमचा गिरणीवाला बोलायचा, तो गेला.
हिमायतनगरची नाझनीन म्हणाली,
"थँक्यू अंकल, पण गोळे काळ्या पेननं भरतात."
तरी घेतली. केस गुंडाळून
अंबाड्यात खोचली.
दुपारपर्यंत तिन्ही मजल्यांवर
अंबाडे आणि पिवळ्या काड्या.

गंजगोलाईत त्याला एकच बैल दिसला.
त्याचे चौदा फोटो काढले.
मागचं मोबाइलचं शोरूम येऊ नये म्हणून
भर रस्त्यात उकिडवा बसला,
रिक्षा त्याला वळसा घालून गेल्या.

संध्याकाळी विचारलं,
"पाण्याची रेल्वे अजून येते?"
मी म्हटलं, ती एका उन्हाळ्याची गोष्ट, मन्मथ,
तू टीव्हीवर पाहिलीस, आम्ही रांगेत पाहिली.
गच्चीवरच्या टाक्या मात्र दाखवल्या नाहीत.
नळ आजही सातव्या दिवशी येतो.
ते मला त्याच्या तोंडून
ऐकायचं नव्हतं.

येळवशीला औशाच्या वाटेवर शेतात गेलो,
घरी न गेलेल्या सात पोरीही गाडीत कोंबून.
भज्जी शरणव्वाच्या बचत गटाची, किलोवर.
"विकत?" मन्मथचा चेहरा पडला.
मग खाल्ली, आणि बोटं चाटत गप्प झाला.
कडब्याची खोप होती, चुना फासलेले पाच पांडव होते.
आंबिलीचं बिंदगं घेऊन फेरी घालताना
म्हणायचे ते शब्द
आम्हा कुणालाच धड येत नाहीत,
दरवर्षी पहिली ओळ जोरात
आणि पुढचं पुटपुटत, बांधापर्यंत.

मन्मथनं बिंदगं घेतलं
आणि सगळं म्हटलं. शेवटपर्यंत.
हिरव्या ज्वारीवर आंबील उडत होती,
आवाज पार विहिरीपलीकडं गेला.
"ओहायोत बर्फ उकरताना म्हणतो," म्हणाला,
"फावडं तालात चालतं."
बरोबर म्हणाला की चूक,
तपासायला आमच्यात कुणी उरलं नव्हतं.
मला फक्त एवढंच कळलं
की इतकी वर्षं मी पुटपुटत आले.

मग लगेच म्हणाला, "बैल कुठं बांधलेत?"
पोरींनी ट्रॅक्टरकडं बोट केलं.

निघायला अंधार झाला.
नाझनीनच्या अंबाड्यातली पेन्सिल
हरभऱ्यात कुठंतरी पडली होती.
सात मोबाइल पेटले.
मन्मथनं खिशातून बॅटरी काढली,
बटण दाबलं, झटकली, परत दाबलं,
आणि वाकून
तास अन् तास शोधत गेला.

नाही सापडली.
"राहू द्या अंकल," नाझनीन म्हणाली,
"उगवंल."