तुरटी

माझ्या दुकानात तीन आरसे आहेत.
निनाद भोईर त्या दिवशी आला
आणि तिन्हींकडे पाठ करून बाकावर बसला.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी
भायखळ्याच्या पुलावर, स्कूटरवर,
मागच्या पेटीत कुणाची तरी बिर्याणी गरम असताना
मांजा लागला.
डोळ्याच्या कोपऱ्यापासून थेट जबड्यापर्यंत.
"दुखलं नाही काका. वारा चाटून गेल्यासारखं झालं.
मग बघतो तर शर्ट ओला."
चौदा टाके.
सहाव्या दिवशी निघाले, सातव्या दिवशी हा माझ्याकडे:
"दाढी करा."

चाळीस वर्षं वस्तरा चालवतोय.
कापलेलं दिसलं की हात
आपसूक तुरटीच्या खड्याकडे जातो.
त्या दिवशीही गेला.
मग मीच माझ्या हाताला म्हटलं, थांब रे,
हे तुझ्या आवाक्यातलं नाही.

वाढू दे म्हटलं दाढी. कात्रीनं बाजूबाजूनं कमी करतो.
खपली खाजवायची नाही, रात्री झोपेतसुद्धा नाही.
हळद नको, चुना नको,
मावशीनं अलिबागहून पाठवलेलं ते काळं तेल तर मुळीच नको.
साबणाचं साधं पाणी, हलक्या हातानं,
आणि डॉक्टरबाईंनी सांगितलंय तेच, व्हॅसलीन, पातळ.
जखम सुकवली की हट्टाला पेटते.
ओलसर ठेव, मऊपणानं मिटेल.
आणि उन्हात जाताना झाक तिला,
नवं कातडं उन्हाचा रंग धरून बसतं.

"तुम्ही न्हावी की कंपाउंडर?"
म्हणाला, आणि हसायला गेला, तर गाल ओढला गेला.

मी काही बोललो नाही.

सोळाव्या वर्षी माझा हात बसावा म्हणून
माझ्या बापानं स्वतःचा गाल पुढे केला होता.
ह्याच दुकानात, शटर अर्धं खाली ओढून.
मी घाबरलो. वस्तरा आडवा गेला.
शिवी नाही दिली त्यानं. तुरटी मागितली,
दाबून धरली,
म्हणाला, उरलेली बाजू कर.
पुढे रोज खपली नखानं उचकटायचा,
भर उन्हात फुटपाथवर पाणी मारायचा.
वण राहिला. चिंचोक्यासारखा चकचकीत.
त्याच्यावर केस कधी उगवला नाही.

तेवीस वर्षांनी त्याची शेवटची दाढी मीच केली.
खाली बांबू आले होते, लोक घड्याळ बघत होते.
वस्तरा त्या जागेपाशी आला
आणि मी न सांगता
हळू झाला.

एप्रिलमध्ये निनादच्या गालावर पारदर्शक पट्टी,
हेल्मेटखाली घाम, पट्टी सुटायची, परत लावायचा.
ॲपनं सेल्फी मागितली, म्हणे
चेहरा जुळत नाही.
दोन दिवस घरी बसला, रोज शंभर रुपये भाड्याची स्कूटर.
मी म्हटलं, बोटानं मालीश कर, वरून खाली, पाच मिनिटं.
चिडून म्हणाला, कुणासाठी?
तरी करत होता.
बाकावर बसून, पेपर वाचल्यासारखं दाखवत.

गणपती गेले, दिवाळीचे कंदील लागले.
जांभळासारखी रेघ होती
ती आता चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाची.
गेली नाही.
मी गेली म्हणालोही नाही,
गिऱ्हाइकाशी खोटं बोलतो मी, पण केसांबद्दल.

काल तो स्वतःहून मधल्या खुर्चीत बसला.
फेस केला. आधी चांगला गाल.
मग बोटानं रेघ चाचपली, कातडी जराशी ताणली,
श्वास दोघांनीही धरलेला,
आणि पातं तिच्या कडेकडेनं नेलं,
झोपलेल्या पोराच्या अंगावरून चादर काढावी तसं.

तोंड पुसल्यावर बराच वेळ आरशात बघत राहिला.
मग म्हणाला, "तुरटी नाही लावत?"

लाव ना, म्हटलं.
त्या बाजूला.