व्यवसायाचा रकाना

मेइजीचं नववं वर्ष. कचेरीत खुर्च्या आल्या होत्या
आणि त्यांवर बसायचं कसं, हे कुणालाच धड कळत नव्हतं.
पाय खाली सोडले की मुंग्या यायच्या,
मग एक पाय वर. साहेब खाकरले की पुन्हा खाली.

रोखे वाटायचे होते.
पिढ्यान् पिढ्यांचा तांदूळ आता कागदावर,
कागदाला व्याज, व्याजाला तारीख.
रांग दारातून निघून थेट खंदकापर्यंत गेलेली.
तलवारबंदीचा हुकूम वसंतातच निघाला होता,
तरी डावा हात सवयीनं मुठीवर टेकायला जायचा
आणि कमरेपाशी हवेत तसाच राहायचा थोडा वेळ,
कुणीतरी उठून गेल्यावर उशीवर राहतो तसा खळगा.

"नाव?"
"इसोमुरा शूमे."

मी मान वर केली नाही. गरज नव्हती.
हा आवाज मी चिखलातून ऐकला होता.

सात वर्षांचा होतो. पाऊस नुकता उघडलेला.
पुलाशी घोडा आला. बापानं खडावा काढल्या,
एका हातात धरल्या, आणि
गुडघे, तळवे, कपाळ, या क्रमानं खाली गेला.
प्याद्यानं असंच करायचं असतं
तीनशे कोकूंच्या माणसापुढे.
मी घोड्याच्या नाकपुड्या बघत उभा.
बापाच्या मोकळ्या हातानं माझं डोकं दाबलं.
वरून आवाज आला : "पोराला सवय लावा."
रागानं नव्हे. उद्या ऊन पडेल म्हणावं, तसा.

त्या रात्री बाप छत्र्या करायला बसला, रोजच्यासारखा.
प्याद्याचा तांदूळ महिनाअखेर गाठायचा नाही,
म्हणून बांबू तासायचा, कागद ताणायचा, तेल पाजायचं.
आमच्या छत्र्या वरच्या आळीत जायच्या.
म्हणजे आम्ही चिखलात असताना
त्यांच्या डोक्यावर जे असायचं, तेही आमचंच.
बाप हे बोलला नाही कधी. मीच जोडलं, पुढे, शहाणा झाल्यावर.

"व्यवसाय?"

दौतीतली शाई सुकेल इतका वेळ गेला.
"छत्र्या," तो म्हणाला. "पण कागद सुटतो. दोन पावसांत."

आता मात्र पाहिलं मी.
नखांत खळ. आखूड कापलेले केस, कानामागे वेडेवाकडे.
खडावा उंबऱ्याबाहेर, जोडीनं, टाचा आत करून.
पायताण काढायची गरज नाही, अशी पाटी होती दारावर.
वाचली नसेल. किंवा वाचली असेल.

किती वर्षं मी या घटकेसाठी एक वाक्य घासून ठेवलं होतं!
ते आलं नाही. भलतंच आलं :
"खळीत तुरट काकीफळांचा आंबवलेला रस घाला.
तीन रात्री मुरू द्या. मग सुटत नाही."

तो वाकला. किती वाकला ते मी सांगणार नाही.

शेंड्याचं मात्र बोललो नाही मी.
जिथे सगळ्या काड्या एका ठिकाणी येतात,
तिथे कागद दुहेरी लावायचा असतो;
हे बापानं मला मरायच्या आदल्या हिवाळ्यात सांगितलं,
दार लावून घेऊन.
रकान्यात लिहिलं : छत्रीकार. शिक्का मारला. पुढचा.

पानगळीत तो पुन्हा आला, व्याजासाठी नाही.
एक छत्री आणली होती, जुन्या रेशमी रुमालात बांधून.
भेट म्हणाला. मी म्हटलं, सरकारी माणूस भेट घेत नाही,
आणि बारा सेन मोजून दिले. ते त्यानं दोन्ही हातांनी घेतले.

चांगली छत्री आहे. काड्या सरळ, कागद घट्ट, रंग गडद.
फक्त मोठा पाऊस लागला की शेंड्यातून एक थेंब उतरतो,
दांड्यावरून हळूहळू माझ्या मुठीत,
मुठीतून बाहीत, कोपरापर्यंत.

दुरुस्त करता येईल. कागदाचा एक तुकडा, थोडी खळ,
अर्ध्या घटकेचं काम.
सात पावसाळे झाले.