नऊ तासांचं मस्कत

पुढचं विमान रात्री अकराला.
काचेच्या दारातून बाहेर पडले
तर चष्म्यावर एकदम धुकं.
पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं,
'वाळवंटी प्रदेश : हवामान उष्ण व कोरडे'
आणि पोरांकडून रिकाम्या जागा भरून घेतल्या.
हे कोरडं?
समुद्र उकळायला ठेवून
कुणीतरी झाकण काढलंय.

टॅक्सीवाला खल्फान.
डोक्यावर भरतकामाची टोपी,
गिअरशेजारी खजुराचा अर्धा डबा.
त्याची हिंदी मोडकी, माझीही, त्यामुळे जमलं.
"काय बघायचंय?"
"जे असेल ते. बाजार, किल्ला."
आरशातून तो माझ्याकडे बघत राहिला,
भर दुपारी दारात उभ्या वसुलीवाल्याकडे बघावं तसा.
"आत्ता इथे फक्त ऊन जागं आहे, मॅडम."

तरी नेलं त्याने.
मत्रहच्या बाजारात शटरमागून शटर, सगळी खाली.
धूपाचा वास तेवढा फटीतून बाहेर पडून
सावली शोधत हिंडत होता.
एका एसीखाली रंगाची रिकामी बादली,
तिच्यात टपटप पाणी
आणि काठावर दोन साळुंक्या,
भांडत.
मी फोटो काढला. दिवसभरातला एकच.

किल्ला गाडीतूनच.
मागे डोंगर, करपल्या भाकरीच्या रंगाचा,
औषधालाही झाड नाही.
मी राहवेना म्हणून सांगितलं,
हा दगड म्हणजे समुद्राचा तळ,
कोट्यवधी वर्षांपूर्वी वर ढकललेला.
खल्फान बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "माझी आई झांझिबारहून आली, बोटीने.
तिथे घरामागे लवंगेची झाडं होती.
हा डोंगर बघून तीन दिवस जेवली नाही.
तिला हे कुणी सांगायला हवं होतं."

त्याचा फोन वाजला. तो स्वाहिलीत बोलायला लागला,
आणि त्या अनोळखी बोलण्यात
मला भेटत गेले गारी, दुका, चपाती,
लग्नघरात लांबचे नातेवाईक भेटावेत तसे.
"एम्बे म्हणजे आंबा का?"
"एम्बे!" म्हणत त्याने दोन्ही हातांनी
हवेत आंबा धरला.
मी म्हटलं, स्टिअरिंग.

फोन बहिणीचा होता, झुवेनाचा.
पाहुणीला उन्हात काय फिरवतोस, घरी आण.

हात धुवायला मी निळ्या खुणेचा नळ सोडला
आणि किंचाळले.
झुवेना हसत आली, लाल खुणेचा फिरवला.
गार! चक्क माठातलं असावं तसं.
गच्चीवरची टाकी तापते ना,
म्हणून उन्हाळाभर गीझर बंद ठेवायचा,
त्याच्या पोटातलं पाणी थंड राहतं.
मी मनगटं धरून उभीच राहिले त्या धारेखाली.
हे कुठल्याच धड्यात नव्हतं.

मग केशराचा हलवा, आणि कहवा,
डोळे धुवायच्या पेल्याएवढ्या कपातून.
मी संपवला, तिने भरला.
संपवला, भरला.
आमच्याकडे अन्न टाकत नाहीत,
तिच्याकडे कप रिकामा ठेवत नाहीत.
सातव्या कपाला माझे हात थरथरायला लागले
आणि ती थांबली.
खल्फान लोळून हसत होता.
पुरे असेल तर कप असा हलवायचा, मॅडम,
असा, नुसता मनगटातून.

परतताना ऊन उतरलं होतं.
बाजारात शटरं खडखडत वर जात होती,
एक म्हातारा ओट्यावर पाणी शिंपडत होता,
माणसं अशी बाहेर येत होती
जणू आत्ताच सकाळ झालीय.
मी घड्याळ बघितलं. खल्फानने वेग वाढवला.
भाडं घेताना त्याने मधले तीन तास धरले नाहीत,
वाद घालायला गेले तर खजुराचा डबा हातात दिला.

रात्री, ढगांच्या वर कुठेतरी,
हवाई सुंदरी चहा घेऊन आली.
मी कागदी कप हलवला,
असा, मनगटातून.
ती गोड हसली
आणि काठोकाठ भरून गेली.