शिनोळीचा काटा

हलगेकर दर दिवाळीआधी येतो खडेबाजारात,
जेवणाच्या डब्यात सहा घड्याळं, मधे बनियनच्या चिंध्या.
किंमत सांगत नाही. मीही विचारत नाही,
रोटर बोटानं फिरवला की कळतंच.

उद्यमबागेत त्याची फाउंड्री. नखं अजून काळी.
निळ्या तबकडीचं स्टुटगार्टवर लावलेलं,
पंपाची हाउसिंगं घेणारा तिथला माणूस
साडेतीन तास उशिरा उठतो.
चॉकलेटी पट्ट्याचं टोरांटोवर: लेक.
"झोपली असंल आता," म्हणतो भर दुपारी,
आणि माझ्या दुकानात आवाज खाली आणतो.

सहाव्यात दोन तासकाटे,
एकावर एक, असे की भिंगाशिवाय एकच.
हे अडकलंय काय? दुसरी वेळ कुठली लावू?
"शिनोळी."
शिनोळी! इथनं रिक्षानं अर्धा तास.
हद्दीचा दगड ओलांडला
तरी तेवढेच वाजतात की हो.
"व्हय," म्हणाला. "अक्का असते तिथं.
एकोणीस वर्षं बोलत नाही."
मग डब्याची कडी उघडझाप करत बसला.

काटे मी वेगळे केले नाहीत.
तेल दिलं, गॅस्केट बदललं,
वर कानडी छापलेल्या पावतीवर मराठी आकडे लिहिले.
रात्रभर ठेवून पाहिलं. दिवसाला चार सेकंद मागं पडतं,
दोन्हीकडची वेळ, अर्थात.
फोन करून सांगितलं.
"असू दे की," म्हणाला. "तिकडंबी पडू दे."