चार पानं, दर बुधवारी

बुधवारी निघतात आमची चार पानं.
पहिल्यावर हरवलेलं,
दुसऱ्यावर सापडलेलं,
तिसऱ्यावर गेलेली माणसं,
चौथ्यावर जे कुठेच बसत नाही ते:
सरपणाचा भाव, नदीची पातळी,
कुणाला जुनं शिवणयंत्र हवंय का.

या वसंतात मात्र एकाच प्रश्नानं
चारही पानं खाऊन टाकली:
टॅनर्स फोर्कनं शहर व्हावं का?

लोकसंख्या दोन हजार एकशे चौदा.
हा आकडा वेशीवरच्या पाटीवर आहे.
पाटी ओडेल रस्कनं स्वतः रंगवलेली,
कारण सरकारी नकाशात आम्हाला वेसच नाही.
काउंटीच्या वहीत आम्ही 'इतर जागा'.
रस्त्यावरचा दिवा गेला, फोन काउंटीला.
अस्वल कचऱ्यात शिरलं, फोन काउंटीला.
काउंटी सत्तेचाळीस मैलांवर,
आणि बाराला जेवायला गेली की
दोनपर्यंत उचलत नाही.

सभा अग्निशमन केंद्रात.
बंब बाहेर थंडीत उभा केला, आत खुर्च्या.
लॉर्ना बिशॉफ म्हणाली, आपला स्वतःचा पोलीस हवा.
मागून कुणीतरी: "कशाला, तुझ्याच लेकाला धरायला?"
हशा पिकला. लॉर्नाही हसली, जरा उशिरा.
हर्शेल टिडवेल टोपी काढून उठला.
आज मी कोंबड्या पाळतो, म्हणाला,
उद्या शहर सांगेल किती पाळायच्या,
परवा सांगेल कोंबड्यानं किती वाजता आरवायचं.
टाळ्या.
मग मारिसेला ओरोस्को, नदीकाठच्या ट्रेलरवस्तीतली,
खांद्यावर झोपलेलं पोर.
"आमच्या नळाला महिनाभर गढूळ येतंय.
शहर करा, नका करू.
गढूळ कुणाला दाखवायचं तेवढं सांगा."
खुर्च्या करकरायच्या थांबल्या.
नंतर पुन्हा कोंबड्या.

पत्रांचा ढीग.
करानं कंबर मोडेल, पंधरा पत्रं.
एक निनावी: संपादिका शहरवाली आहे, तिच्या मथळ्यांवरून कळतं.
एक निनावी: संपादिका शहराच्या मुळावर उठलीय.
अक्षर मला दोन्हींचं ओळखू आलं.
एकाच घरातलं.
शेजारी शेजारी छापली.

आणि मला विचाराल, तर मला कळत नव्हतं.
माझी भीती अगदीच क्षुल्लक:
ठराव निघू लागले, निविदा निघू लागल्या, की
'हाउगलंडबाईंचा बोका घरी परतला, एक कान कमी'
हे कुठल्या पानावर घालू?

मतदानाच्या आठवड्यात
काउंटीची माणसं आली, न बोलावता.
पोस्टासमोरचा खड्डा बुजवून गेली.
एकोणीस वर्षांचा खड्डा.
आम्ही पोरांना गाडी शिकवताना आधी तो शिकवायचो,
मग ब्रेक.

हो: सहाशे अकरा.
नाही: सहाशे बावीस.
अकरा माणसं म्हणजे किती,
तर हर्शेलच्या घरचे, आणि त्यांचे दोन जावई.
लॉर्ना आठवडाभर दुकानात आली नाही.
आली तेव्हा डझनभर अंडी घेतली,
हर्शेलचीच. दुसरी मिळत नाहीत इथे.

त्या मंगळवारी रात्री
मारिसेला बरणी घेऊन दारात.
काही बोलली नाही. टेबलावर ठेवली, गेली.
चहासारखं पाणी, तळाशी बोटभर गाळ.
मी दुसरं पान उघडलं आणि जुळवलं:

*सापडलं: गढूळ पाणी, एक बरणी.*
*मालकानं ओळख पटवून*
*पोस्टाच्या खिडकीवरून घेऊन जावं.*

तीन बुधवार झाले, तेच छापतेय.
बरणीशेजारी आता आणखी चार बरण्या,
एक चक्क टिडवेलांच्या घरची.
पोस्टमास्तर कुरकुरतो, पण पुसून ठेवतो.
काउंटीचा फोन आला होता,
विचारत होते, ही जाहिरात कुणी दिली.

ओडेलनं पाटीवरचा चार खोडून तीन केला.
हाउगलंडबाई गेल्या. तिसरं पान.
बोक्याचं चौथ्यावर घातलंय: कुणाला हवाय का.

खिडकीतून दिसतं,
पोस्टासमोर रस्ता आता सपाट, काळाभोर,
आणि गाड्या अजून डावीकडून वळसा घालतात.