बाकी उणे चार

नववीत कापगते सरांनी फळ्यावर
एक रेघ उभी ओढली, एक आडवी.
म्हणाले, हे खुराडं. एक्स बाहेर ठेवा,
आत फक्त सहगुणक येतील.

एक्सचा घन, उणे सात एक्स, अधिक सहा.
भागायचं एक्स उणे दोनने.
उणे दोन दारात आला की त्याचं तोंड फिरवायचं,
आत नुसता दोन घ्यायचा.

मी लिहिलं : १, −७, ६.
पहिला आकडा तसाच खाली उतरवला,
दोनने गुणला, तिरपा वर नेला, मिळवला,
परत गुणला.
बाकी आली उणे चार.

"वर्ग कुठं गेला बे?"
वर्ग नव्हताच, सर.
"नव्हता, तं नव्हता असं लिहा लागते. शून्य मांड.
काहून सरकवले सारे?"

त्या दिवसांत विमल मडावी तेलंगणात होती,
मायसंगं, मिरच्या तोडायला.
तिसऱ्या बाकावरची तिची जागा
आम्ही सरकत सरकत बुजवली होती,
दप्तरं ठेवायला ऐसपैस झालं होतं.
त्यावर सर काही बोलले नाहीत.
हजेरी घेताना मात्र 'सतरा' म्हणून थांबायचे,
हजर म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढेच,
मग अठरा. अठरा मी.

शिमगा झाल्यावर ती आली,
आदल्या रात्रीच्या टेम्पोनं, सकाळी थेट शाळेत.
बाकावर कोणीच सरकेना,
ती कडेला अर्धी बसली.
सरांनी तेच उदाहरण दिलं. तिलाच उठवलं.

पहिला दोनचा आकडा तिला मी सांगितला, खालून.
तिनं १ लिहिला. मग हातभर जागा सोडली.
पुढं −७, ६.
मग मागं येऊन त्या जागेत ०.

"तुले कोनं सांगतलं?"
"कोनंच नाही. घनानंतर एकदम एक्स कसा येईन सर,
मधात कोणीतरी असन ना."

१, २, −३.
शेवटी शून्य. त्याखाली तिनं दोन रेघा मारल्या,
तोडाईच्या हिशोबाच्या वहीत मारतात तशा.

सर खिडकीबाहेर बघत राहिले, बोडीकडं.
मग बाकावरच्या चौघांना म्हणाले, सरका.

तिच्या हातातला खडू मी घेतला, पुढच्या गणिताला.
मधेच डोळा चोळला,
आणि तास संपेपर्यंत
आकडे धड दिसले नाहीत.
विमल म्हणाली, पाणी नोको लावू, आनखी झोंबते.